न पेटलेलं जगरं

समोरच्या शाळेची भिंत यंदा परीक्षेआधी रंगवून घेतली. निळ्या रंगावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘प्रत्येक मूल हा एक तारा आहे.’ मी अख्खा जन्म अकोल्यातल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवला, त्यामुळे असलं काही वाचलं की माझं पित्त खवळतं. तारा व्हायला वजन लागतं बाबांनो, नुसती हौस पुरत नाही, असं त्या रंगाऱ्याला सांगावं म्हणून गॅलरीत गेलेही. पण तो भर उन्हात शिडीवर उभा होता, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि ‘तारा’ मधला एक काना सरळ येईना म्हणून आधीच वैतागलेला. त्याला काय बोलायचं? म्हटलं, पाणी पाहिजे का. तो हो म्हणाला.

परीक्षेचा मोसम आमच्याकडे उन्हाचा हात धरूनच येतो. कडुनिंबाला बारीक पांढरा फुलोरा येतो, सकाळी अंगणात त्याचा सडा पडतो आणि दुपारपर्यंत तो पायाखाली चुरून त्याचा कडसर-गोड वास घरात शिरतो. कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लागतात. पोरं छातीशी पॅड धरून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत जातात आणि ओळखीच्या माणसाकडेही बघत नाहीत. लोकांना या दिवसांत काय काय आठवत असेल. मला ओल्या गोवऱ्यांचा धूर आठवतो. पिवळट, जड, जमीन धरून चालणारा. डोळ्यांत गेला की दुसऱ्या दिवसापर्यंत झोंबायचा.

गोवऱ्यांचा धूर आला की रोडग्यांबद्दल सांगावंच लागतं, कारण वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला ते कळत नाहीत. कणकेचे जाडजूड गोळे, आत तेलाचे पदर. शेतात किंवा देवळाच्या आवारात गोवऱ्यांची रास पेटवायची, ती चांगली लालबुंद झाली की त्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, रोडगे घालायचे आणि वरून राखेनं झाकून द्यायचे. या राशीला आमच्याकडे जगरं म्हणतात. जगऱ्याचं एक आहे. रास मोठी पाहिजे. मोठी असली की आतली धग आतली गोवरी पेटवते, ती पुढची पेटवते, मग तुम्ही झोपा काढल्या तरी चालतं. रास लहान पडली किंवा गोवऱ्या दमट निघाल्या, तर कितीही फुंका, वरून थोडं तांबूस दिसतं, धूर होतो, आणि ते निवत जातं.

माझ्या आईनं, म्हणजे मायनं, बाईसाठी रोडग्यांचा नवस केलेला होता. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. थोरल्या बहिणीला आमच्या घरात बाईच म्हणायचे. मायचं माहेर अचलपूरकडचं, त्यामुळे देव बहिरमबाबा. पोरगी मॅट्रिक झाली की बहिरमच्या जत्रेत रोडगे घालीन, असं ती बोलून बसली होती. आमच्या वस्तीत तेव्हा पोरगी चौथीच्या पुढे गेली तरी लोक वळून पाहत, त्यामुळे देवालाही फारशी घाई नसावी. मग छपन्न साल आलं, आमच्या घरानं बुद्धाची वाट धरली, आणि बाबांनी देव्हाऱ्यातले टाक मोर्णा नदीच्या पाण्यात सोडून दिले. बाबा रेल्वेच्या यार्डात सांधेवाले होते, गाड्यांना रूळ बदलून द्यायचे. एकदा सांधा बदलला की गाडी मागच्या रुळावर पाहत नाही, असं ते म्हणायचे. पुढे दोन वर्षांत बाई मॅट्रिक झाली, तीही पहिल्या वर्गात, आणि मायला नवस आठवला.

“देव सोडला थे बराबर हाय,” ती बाबांना म्हणाली. “पन शब्द देला होता ना मी?”

“शब्द देवाले नाई देला तू. पोरीले देला, असं समज,” बाबा म्हणाले. “कर रोडगे. बहिरमले नको जाऊ. आपन आपल्या लोकायले जेवू घालू.”

असे आमच्याकडे देवाशिवायचे रोडगे सुरू झाले. नदीकाठी चुलत्याच्या वावरात, बाभळीखाली, जगरं रचलं. सगळी वस्ती जेवायला. वांग्याची झणझणीत भाजी, पळसाच्या पत्रावळी, आणि राखेतून काढून फडक्यात झटकलेले रोडगे. फोडला की आतून वाफ यायची. त्या दिवशी बाईनं नवं पातळ नेसलं होतं आणि ती कुणाशी धड बोलत नव्हती. तिला अमरावतीला पाठवायचं ठरलं होतं, इंटर सायन्सला, मावशीकडे राहून. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगत होते, पोरगी सायन्सले चालली. सायन्स म्हणजे काय हे त्यांना कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

बाई सुट्टीला घरी यायची तेव्हा बडनेऱ्यापर्यंत छोट्या गाडीनं आणि तिथून मोठ्या गाडीनं. मी स्टेशनावर जायची. तिच्या पिशवीत कपडे कमी आणि ग्रंथालयाची पुस्तकं जास्त. यार्डाच्या कडेला आमची रेल्वेची खोली. संध्याकाळी शंटिंगचं इंजिन धापा टाकत जायचं आणि भिंतीवरची भांडी किणकिणायची. आम्ही दोघी बाजेवर बसून ऊन उतरायची वाट पाहायचो. पश्चिमेला शुक्र आला की बाई पुस्तक मिटायची. तिला आकाशाचं वेड होतं, पण कवितेतल्यासारखं नाही. ती चंद्राकडे पाहून उसासे टाकायची नाही. ती म्हणायची, तो पडत काहून नाई हे मले समजलं, आता बाकीच्यायचं पाहू.

इंटरच्या परीक्षेचं वर्ष आलं. साठच्या आगेमागे असेल. त्या चैत्रात उन्हाच्या मधेच अवकाळी आला, गारा पडल्या, आंब्याचा मोहर गळाला. बाई पेपर देऊन घरी आली ती वाळलेली, डोळे खोल गेलेले, पण चेहरा उजळ. गणित चांगलं गेलं, भौतिकशास्त्र फार चांगलं, रसायनही वाईट नाही. इंग्रजीचं मात्र ती हसत हसत सांगायची. निबंध होता थंड हवेच्या ठिकाणी घालवलेल्या दिवसांवर. आमच्याकडचं थंड हवेचं ठिकाण म्हणजे चिखलदरा, आणि तिथं आमचा मामा रस्त्याची खडी फोडायला जायचा. बाई कधी गेलेली नव्हती. तिनं मामाचं लिहिलं. दगड कसा धरतात, घण कुठं मारला की तो दुभंगतो, पहाटे बोटं थंडीनं कशी आखडतात. अर्ध्यावर इंग्रजी शब्दच संपले, म्हणे. मग तिनं तेच शब्द पुन्हा फिरवून वापरले.

बाबा खूश होते. त्यांनी निकालाआधीच रोडगे करायचं काढलं. माय नको नको म्हणत होती.

“निकाल त लागू द्या. पोट्टी पास झाल्यावर करू.”

“काहून? नवस होता तवा देवाचा हिशोब होता, काम झाल्यावर फेडाचा. आता मंधात देवच नाई, त वाट कोनाची पाहाची? पोरीनं मेयनत केली. रोडगे मेयनतीचे.”

माय शेजारणींकडे गोवऱ्या मागायला गेली. बाबांच्या बोलण्यात मला आजही चूक सापडत नाही. पण निकालाआधीच रोडगे घालायची चूक आमच्यासारख्या, नुकताच देव सोडलेल्या घरातच होऊ शकते. इतर घरांत देव निदान थांबायला तरी लावतो.

गोवऱ्या अवकाळीत भिजलेल्या होत्या. वरून वाळलेल्या वाटायच्या, मोडली की आत ओल. शेजारणींनी दिल्या त्याही तशाच. माय रचत गेली, पण कोरड्या निवडून काढता काढता रास लहानच झाली. काडी लावली. धूर निघाला तो निघतच राहिला. वस्तीतली माणसं बाभळीच्या सावलीत ताटकळत बसली, डोळे पुसत, विड्या ओढत. बायका आळीपाळीनं फुंकायला यायच्या आणि पदर नाकाला लावून मागे सरायच्या. कधी एखादी गोवरी लाल व्हायची, सगळे म्हणायचे, धरलं, धरलं, आणि ती एकटीच जळून राख व्हायची. शेवटी तसेच रोडगे आत घातले. काढले तेव्हा वरून छान तपकिरी झाले होते. फोडले तर आत कच्ची कणीक, बोटाला चिकटणारी.

बाई काठीनं राख उकरत उकिडवी बसली होती. मी तिच्या शेजारी. तिचं कच्च्या रोडग्यांकडे लक्षच नव्हतं.

“कुसुम,” ती म्हणाली, “सूर्य म्हंजे वायूचा गोळा. गुरू बी वायूचाच गोळा. मंग एक पेटला अन् एक काहून नाई पेटला?”

“सूर्य मोठा हाय म्हणून.”

“थेच त इचारून रायली मी. किती मोठा असला म्हंजे पेटते? समज, गुरूहून लय मोठा, पन सूर्याहून लय लहान असा गोळा असंल. तो पेटन का नाई? अन् नाई पेटला त त्याले काय म्हनाचं?”

“तुमच्या सरायले इचार ना.”

“इचारलं. सर म्हने, परीक्षेत नाई येत हे.”

“बोलत काय बसल्या वं दोघी? फुका ना!” माय ओरडली. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते असं मला तेव्हा वाटलं.

आता मला उत्तर माहीत आहे. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका मासिकात वाचलं आणि वाचता वाचता उठून उभी राहिले. बाईनं राख उकरत विचारलेला तो गोळा खरोखर आहे. एक नाही, असंख्य आहेत. आमचे रोडगे कच्चे राहिले त्यानंतर दोन-तीन वर्षांतच जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसून त्याचं गणित मांडलं होतं. डोळ्यांना, म्हणजे दुर्बिणीला दिसायला मग पुष्कळ वर्षं गेली. त्याला तपकिरी बटू म्हणतात. नाव वाचून मला आधी रोडगाच आठवला. खरं तर तो तपकिरी नसतोच, दिसलाच तर काळपट लाल दिसेल.

त्याची गोष्ट साधी आहे. वायूचा ढग आपल्याच वजनानं आत कोसळत जातो, मधोमध गोळा होतो, दाबानं तापतो. इथपर्यंत तारा आणि तपकिरी बटू सख्खी भावंडं. वजन पुरेसं असलं तर आतला हायड्रोजन पेट घेतो, आणि एकदा पेटला की अब्जावधी वर्षं आपलं आपण चालतं. पुरेसं नसलं, म्हणजे सूर्याच्या आठ टक्क्यांहूनही कमी असलं, तर आतले कण एका मर्यादेपुढे दाबून घेत नाहीत. आकसणं थांबतं आणि पेटायचं राहून जातं. थोडा जड हायड्रोजन असतो, तो मात्र पेटतो. पण तो मूठभरच; लवकर संपतो. मग जन्माच्या वेळची जी धग असेल तीच जन्मभर पुरवायची. निवत जायचं. पुन्हा पेटण्याची सोय नाही. त्यांतले काही तर इतके निवलेत की त्यांच्या वरच्या थराची ऊब माणसाच्या अंगाएवढीच राहिली आहे.

आणि गुरूसारखा ग्रह? त्याचं सगळं निराळं. तो दुसऱ्याच्या पदराखाली जन्मतो. तारा तयार होताना भोवती जो गाळसाळ उरतो त्यातून ग्रह घडतो, त्याच्याभोवती फिरतो, त्याच्या उजेडात चमकतो. गुरू पेटला नाही याचं कुणाला दुःख नाही, कारण त्यानं पेटावं अशी कधी बोलीच नव्हती. गंमत म्हणजे आकारानं तपकिरी बटू गुरूएवढाच दिसतो. वजन त्याच्या कित्येक पट, पण सगळं आत दाबलेलं. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतील.

त्या जूनमध्ये निकाल लागला. बाई इंग्रजीत गेली. एका विषयात गेलं की सगळंच गेलं, असा तेव्हाचा कायदा. बाकीच्या विषयांत ती वर्गात सगळ्यांच्या पुढे होती, पण ते गुण कुणाच्या उपयोगाचे नव्हते. ऑक्टोबरला पुन्हा बसली. पुन्हा इंग्रजी. त्यानंतर घरात रोडग्यांचं नाव निघालं नाही. बाबांची ड्युटी संपली की ते खोलीवर न येता यार्डातच सिग्नलच्या खांबाला टेकून बसायचे. तिसऱ्यांदा बाईनं फॉर्म भरला नाही. अकोल्यात टंकलेखनाच्या क्लासला जायला लागली, आणि वर्षभरात अमरावतीच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून चिकटली. इंग्रजी टायपिस्ट. ज्या भाषेनं तिला दारातून परत पाठवलं, त्याच भाषेतली साहेबांची पत्रं ती निवृत्त होईपर्यंत बडवत राहिली. तिच्या टायपात चूक नसायची अशी ख्याती होती.

इथं कुणी हळहळू नये. वस्तीत कुणीही हळहळलं नाही. सरकारी नोकरी लागलेली आमच्याकडची ती पहिली पोरगी. लोक आपल्या मुलींना तिचं उदाहरण द्यायचे. तिच्या पगारावर मी बी.एस्सी. झाले, नोकरीला लागले, धाकट्या भावाचं लग्न झालं, बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सगळ्यांना तिची ऊब मिळाली, आणि ऊब मिळते म्हटल्यावर आतलं पेटलं की नाही हे कोण बघतो? साहेबांच्या भोवती, घराच्या भोवती ती इतकी व्यवस्थित फिरत राहिली की बघणाऱ्याला वाटावं, ही मुळातच ग्रह होती. मला याचा आजही राग येतो. ती ग्रह नव्हती. ती ढगातून निघालेली होती, स्वतःच्या वजनानं, कुणाच्या पदराखाली नाही. फक्त जमायला हवं तेवढं जमायच्या आत कुठंतरी खुंटलं.

काही शास्त्रज्ञ म्हणतात की यातले काही बटू जन्मत असतानाच शेजारचे दांडगे गोळे त्यांना धक्का देऊन वायूच्या ढगाबाहेर फेकतात, म्हणून त्यांचं वजन वाढत नाही. बाकीचे म्हणतात तसं काही नाही, काही ढग मुळातच लहान असतात. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. वर्गात दोन्ही सांगितल्या असत्या. घरात मात्र मला पहिलीच खरी वाटते, त्याला पुरावा मागू नये.

या वर्षी फुलोऱ्याचा सडा पडला आणि मला एकाएकी वाटलं, हे बाईला सांगायलाच हवं. तसं वाटायला आणखी एक कारण झालं. तपकिरी बटू ओळखायची एक खूण आहे. लिथियम नावाचं एक मूलद्रव्य असतं. तारा पेटला की तो स्वतःतलं लिथियम जाळून टाकतो. बहुतेक तपकिरी बटूंना तेवढी आगच नसते, म्हणून त्यांच्यात ते जन्मलं तसं शाबूत राहतं. पेटलेल्याकडे नाही ते न पेटलेल्याकडे असतं. हे वाचलं तेव्हा मी, इतकी कडू म्हातारी, पुस्तक मांडीवर ठेवून थोडी रडले. वाटलं, बाईचा प्रश्न बाईपाशी असेल. इतकी वर्षं तिनं तो जाळला नसेल. आपण उत्तर घेऊन जायचं, एवढंच.

अमरावतीला गेले. बाई लेकाकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. ऐंशी ओलांडली तरी चष्म्याशिवाय वाचते, कचेरीतल्या सगळ्या साहेबांची नावं क्रमानं सांगते, कोण कुठल्या खुर्चीत बसायचा तेही. तिनं संत्रं सोलायला घेतलं. मी सगळं नीट सांगितलं. ढग, वजन, जड हायड्रोजन, गुरू. ती मान हलवत ऐकत होती, पाहुण्यांच्या मुलांचं कौतुक ऐकावं तशी.

“चांगलं हाय वं,” ती म्हणाली. “पन हे मले काहून सांगून रायली?”

“बाई, तूच त इचारलं होतं. वावरात, जगऱ्यापाशी. गुरूहून मोठा अन् सूर्याहून लहान गोळा असंल त पेटन का, म्हणून.”

“मी?”

“हो, तूच. राख उकरत बसली होती तू.”

तिनं मनापासून आठवून पाहिलं. खोटं बोलायचं तिला काही कारण नव्हतं. खाली रस्त्यावरून परीक्षा सुटलेली पोरं ओरडत चालली होती.

“नाई वं कुसुम, मी कायले इचारीन असं?” ती हसली. “तूच इचारलं असंल. तुलेच सुचे असं काहीबाही. तू बी.एस्सी. झालती ना.”

मी पुन्हा सांगणार होते. त्याऐवजी तिनं टाकलेल्या साली गोळा करत राहिले.

“रोडगे मात्र कच्चे रायले होते त्या वर्षी,” बाई म्हणाली. “थे याद हाय मले. माय लय रडली होती, धुराचं निमित्त करून.”

तिनं संत्र्याची फोड माझ्या तळहातावर ठेवली. तिचा हात क्षणभर माझ्या हाताला लागला. गरम होता, माणसाचा असतो तेवढाच.